खाकीला पदर नसतो

"कुणाचं पोरगं हाय रं ते? त्याची आई मेलीय का काय!"

मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं आणि माझ्या हातातलं तिकीट वाकडं फाटलं. आई मेली नव्हती. आई त्याच गाडीत होती, अंगात खाकी, गळ्यात चामड्याची पिशवी, आणि "सुट्टे काढा, सुट्टे काढा" करत गर्दीतून वाट काढत होती. आणि ते पोरगं नव्हतं, पोरगी होती. पाच महिन्यांची, माझी.

मंगळवार होता, वर देवघळला आठवड्याचा बाजार. गाडी तालुक्याच्या डेपोतून निघाली तेव्हाच कोंबड्या-टोपल्यांसकट भरलेली. आमच्या खिलारवाडीच्या थांब्यावर आणखी दोनच माणसं चढली. एक माझी सासू सोनाबाई, काखेत माझी लेक घेऊन. सासूला मी आत्या म्हणते, आमच्याकडं तसंच म्हणतात. दुसरे बापू, आत्यांचे थोरले दीर. डोक्याला पटका, हातात बाजाराची रिकामी पिशवी आणि कपाळाला कायमची आठी.

आत्यांनी ओठ घट्ट मिटले होते. मीच शपथ घातली होती, गाडीत कुणाला सांगायचं नाही पोर कुणाची ते.

"आजीबाई, उपाशी हाय ते लेकरू," पुढच्या बाईनं सांगितलं.

"व्हय, हाय," आत्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

आता ही भानगड काय होती ते सांगते. बाळंतपणाची रजा संपली आणि मी कामावर हजर झाले. पोरीनं बाटली घेतली नाही. वाटी-चमच्यानं पाजलं की फुर्र करून आत्यांच्या अंगावर थुंकायची. रात्री माझ्याजवळ प्यायची, पण दिवसभर उपाशी. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला काट्यावर ठेवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "वजन उतरतंय बाई. दिवसा अंगावर पाजलंच पाहिजे," म्हणाली. घरी येऊन मी सांगून टाकलं, हा महिना भरला की नोकरी सोडते. ह्यांची नोकरी पुण्याला, फोनवर म्हणाले, "बघ तुला काय वाटतं ते." नवऱ्याचं उत्तर म्हणजे असंच असतं, ना हो ना नाही.

आणि नोकरी मला जिवापलीकडं प्यारी होती. आमच्या वाडीत बाईमाणसानं पगार आणलेला कुणी बघितला नव्हता. मी कंडक्टर झाले तेव्हा पारावर पैजा लागल्या होत्या, ही किती दिवस टिकते म्हणून.

नोकरी सोडते म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारची फेरी घेऊन वाडीत आले तर आत्या थांब्यावर उभ्या, पोरीला टॉवेलात गुंडाळून. आयुष्यात एकट्या कधी गाडीत बसल्या नव्हत्या.

"तुझी गाडी दारावरनंच जाती न्हवं? आमी दोघी बसतो. वर जाऊस्तवर पाज, खाली येताना उतरतो. हाय काय आन् न्हाय काय!" वर मलाच दटावलं, "तिकीट फाड आदी. सासूला फुकट नेती म्हणून तुझ्या नोकरीवर यायचं."

असा सगळा बेत. त्यात खोट निघाली ती माझ्यात. चालत्या गाडीत मी पाजेना. देवघळला गाडी रिकामी झाली, काचा लावल्या, शिकलगार मामा, म्हणजे आमचे ड्रायव्हर, चहाला गेले, की मगच मी पोरीला पदराखाली घ्यायचे. पदराखाली म्हणते खरी, पण पदर होता कुठं? खाकी सलवार-कमीज. ओढणी दारात अडकते म्हणून ड्युटीवर घेत नव्हते. कमीजला पुढून बटणं मी मुद्दाम लावून घेतली होती, पण ती चार माणसांत उघडायची म्हटलं की हात लाकडाचे व्हायचे.

लाज होतीच, नाही कशाला म्हणू. पण लाजेहून मोठी भीती वेगळी होती. त्या गाडीत मी पन्नास पुरुषांना दटावायचे. दारुड्याला कॉलर धरून उतरवलेलं, बिडीवाल्याची बिडी विझवलेली. ते सगळे ऐकायचे ते खाकीचं, माझं नव्हे. एकदा का ह्यांनी मला पोराला पाजताना बघितलं की संपलं, उद्यापासून कुत्रं विचारणार नाही, असं डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळं वाडीपासून देवघळपर्यंत घाट चढायला लागणारा जवळजवळ तासभर पोर रडायची, आत्या तिला खांद्यावर थोपटायच्या, आणि मी पाठ करून तिकिटं फाडायचे.

त्या मंगळवारी मात्र तिनं कहर केला. आवाज बसला तरी थांबेना. आणि पोर रडली की दूध आपलं आपण सुटतं, त्याला काय ड्युटी कळते? खाकी ओली झाली. मी पिशवी छातीवर ओढून धरली आणि तशीच पुढं सरकत राहिले. डोळ्यांत पाणी आलं तर म्हणायला काहीतरी असावं म्हणून एका शेतकऱ्याच्या पोत्यावर, मिरचीचं समजून, खेकसले, "हे पोतं कुणाचं? डोळं झोंबाय लागलं की सगळ्यांचं!"

"बाई, त्यात कांदं हायत," तो बिचारा म्हणाला.

बापूंच्या सीटपाशी आले. आत्या त्यांच्या शेजारीच दांडीला धरून उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढलेला. शेजारची जागा रिकामी असती तरी बसल्या नसत्या. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरापुढं बसायचं नाही, बोलायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. लग्न होऊन आल्यापासून आत्या आणि बापू एकमेकांशी शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं झालंच तर तिसऱ्या माणसाच्या तोंडून. त्या दिवशी तिसरं माणूस मी.

"सूनबाई," बापू समोर बघत म्हणाले, "सासूला सांग, पुढल्या थांब्याला उतर म्हणावं पोरीला घिऊन. गाडीत तमाशा नको."

आत्या हातभर अंतरावर होत्या. त्यांनी ऐकलं, तरी मी सांगेपर्यंत थांबल्या. मी म्हटलं, "आत्या, बापू म्हणतात उतरा."

"सांग त्यास्नी," आत्या पदराआडून म्हणाल्या, "तिकीट देवघळपतूर काढलंय."

"बापू, तिकीट देवघळपर्यंत—"

"ऐकलं मी! बहिरा न्हाई."

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. एरवी मीही हसले असते. पण तेवढ्यात पोरीनं रडता रडता श्वास धरला. बारकी पोरं धरतात तसा. तोंड उघडं, आवाज नाही, ओठ निळसर. आत्यांनी तिच्या तोंडावर फुंकर मारली, पाठीवर थापटी मारली, तेव्हा कुठं पुन्हा किंकाळी फुटली.

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मग दंड धरून मला दारापाशी ओढत नेलं, जिथं कंडक्टरची सीट असते तिथं.

"बस."

"आत्या, ड्युटीवर हाय मी."

"बस म्हंते न्हवं!"

तो आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. बसले. पोर माझ्या मांडीवर आली. माझे हात बटणांपाशी गेले आणि तिथंच थिजले. समोर अख्खी गाडी. तोंडंच तोंडं.

"आत्या, न्हाई जमत हो. ह्याला पदर सुदीक न्हाई," मी म्हटलं, आणि खरंच रडले, कांदं-बिंदं काही नाही.

आत्यांनी मग जे केलं ते आजही डोळ्यांपुढं आहे. त्यांनी डोक्यावरचा पदर उतरवला. नुसता ढळू दिला नाही, दोन्ही हातांनी उतरवला, कमरेला खोचलेला सोडवून मोकळा केला, आणि माझ्या डोक्यावरून पोरीसकट तंबू ठोकल्यासारखा धरला. दिवसाउजेडी, बाजाराच्या गाडीत, थोरल्या दिरासमोर, बोडक्या डोक्यानं उभ्या राहिल्या. केस कधी इतके पांढरे झाले होते ते मलाही त्याच दिवशी कळलं. घरातसुद्धा चुलीपुढं, अंधारात, पदर घेऊन वावरणारी बाई ती.

"आगं बया," कुणी बाई हळूच म्हणाली. "म्हंजी कंडक्टरबाईचंच लेकरू व्हय!"

आत, त्या पदराखाली, मी बटणं सोडली. पोरीनं असं ओढलं की मला कळ आली. ती दोन-तीनदा हुंदकली आणि मग नुसता घोट घोट आवाज. काय सांगू, त्या आवाजासारखं दुसरं सुख नाही. पुढून शिकलगार मामांचा हात वर गेलेला मला पदराच्या फटीतून दिसला. त्यांनी गाडीतला मोठा आरसा छताकडं फिरवला आणि गाडी आणखी सावकाश चालवायला लागले.

पण घाट तो घाट. वळण आलं की सगळी गाडी एका अंगाला. आत्यांचे दोन्ही हात पदरात गुंतलेले, दांडी धरायला हातच नाही. पहिल्या वळणाला त्या कशाबशा सावरल्या. दुसऱ्याला गुडघा माझ्या सीटवर आपटला, पण पदर सोडला नाही. वरती त्यांचे दंड थरथरताना मला दिसत होते.

तेवढ्यात बापूंचा आवाज आला. मला वाटलं, आता होतंय महाभारत.

"सोनाबाई."

आत्या दचकल्या. त्यांना त्यांच्या नावानं ह्या माणसानं कधी हाक मारली नव्हती.

"सोनाबाई, पडशील. हितं बस माझ्या जाग्यावर," बापू म्हणाले. ते उठून उभे होते, पटका छताला टेकलेला. कपाळावरची आठी होती तिथंच होती, पण आवाज काही निराळाच होता.

आत्या बसल्या नाहीत. वळूनही बघितलं नाही. पदर तसाच ताणून उभ्या राहिल्या, आणि पुढचं वळण समोर आलं.

मला ते सहन झालं नाही. माझी अब्रू झाकायला ह्या बाईनं स्वतःची उघडी टाकली होती, आणि मी त्याच्याखाली लपून बसले होते, जशी काय चोरी करत होते. मी एका हातानं पदर बाजूला केला. उभी राहिले, पोरीला तशीच छातीशी धरून, आणि तो पदर परत आत्यांच्या डोक्यावर घातला. कपाळापर्यंत नीट ओढला.

"आत्या, दांडी धरा. न्हाईतर पडाल."

"आगं, तुला दिसतंय सगळं—"

"दिसू दे. पोरगी पितीय, दुसरं काय करतीय?"

मी परत बसले. पोरीचं डोकं आणि माझा हात, एवढाच तर आडोसा होता, आणि तेवढा पुरला. कुणी टक लावून बघत नव्हतं. उलट सगळी गाडी एकदम खिडकीबाहेरच्या डोंगरात रमलेली, जन्मात कधी डोंगर बघितला नव्हता अशी. एक टोपलीवाली म्हातारी तेवढी माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "मग इतका वेळ कशाला रडिवलंस गं माझे बाई, बिचारीला? घशाचं पार भरीत झालं तिच्या."

"चुकलं, आजी," मी म्हटलं.

"दुसऱ्या अंगाला बी घे. एकाच अंगाला पाजू नगंस."

दारापाशी लाल शर्टातला एक तरुण पोरगा उभा होता. तोही मान मोडेपर्यंत बाहेर बघत होता. बघता बघता मला आठवलं, ह्याचं तिकीट राहिलंय.

"ओ, लाल शर्ट! तिकीट घेतलं का?"

"न... न्हाई, म्याडम."

"मग तिकडं डोंगरात काय हुडकताय? कंडक्टर हिकडं हाय. कुठं जायचं?"

"देवघळ," तो म्हणाला, लाल शर्टाहून लाल होऊन.

आत्यांनी तिकिटांची पेटी पुढं धरली, मी उजव्या हातानं तिकीट फाडलं, डाव्या हातावर पोर. त्यानं पैसे दिले, "थँक्यू म्याडम" म्हणाला, आणि अख्खी गाडी फसकन हसली. आत्यासुद्धा. पदर तोंडात धरून, खांदे हलवत. आणि मला त्या हसण्याची जराही भीती वाटली नाही. मी दरडावलं, "हसायला काय झालं? मागचे दोघं, तुमचं बी राहिलंय, द्या पुढं." आणि पैसे हातोहात मुकाट्यानं पुढं आले. खाकीच्या जिवावर चालत होतं म्हणे सगळं! माझ्याच डोक्यातलं भूत ते.

देवघळला गाडी रिकामी झाली. पोर माझ्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपलेली, हनुवटीवर दुधाचा ओघळ. शिकलगार मामांनी तीन कप चहा आणला, आमच्या हातात दोन दिले आणि स्वतःचा घेऊन लांब जाऊन बसले.

मी आत्यांना विचारलं, "आत्या, बापूंच्या म्होरं पदर काढला तुम्ही. भावकीत काय म्हणतील?"

आत्या बशीत चहा ओतत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा घाट आमी फोडलाय, ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं.

"बहात्तरच्या दुष्काळात. खडी फोडाय येत हुतो. तुझा नवरा तवा हिच्याएवढाच. खडीच्या ढिगामागं झोळी बांधायचे. आन् टोळीवर मुकादम कोण, तर हेच भावजी. ढिगावर बसायचं समूर. आता थोरल्या दिरासमूर लेकरू पाजायचं कसं? उठून लांब जावं तर दिवसाचा रोज कापतील. पोर रडायचं आन् मी खडी फोडायचे. हितं," त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, "हितं गाठी व्हायच्या, ताप भरायचा, पर गेले न्हाई. भावजी बी कदी 'जा' म्हणलं न्हाईत. म्हणणार कसं? बोलायचंच न्हवतं न्हवं आमाला. महिन्याभरात पान्हा आटला माझा. पार आटला, परत आलाच न्हाई."

"मग हे?"

"शेळीच्या दुदावर वाढला. लोक त्याला शेरडू म्हंतात ते काय उगंच? सगळं गाव हसतंय, मी बी हसते." त्या हसल्या नाहीत. "रानात शेळीबी उभ्या उभ्या कुणाम्होरं बी पाजती, आन् मला जमलं न्हाई. आज पोरीनं दम कोंडला, आन् म्होरं बगते तर त्योच घाट आन् त्येच भावजी. म्हणलं, दुसऱ्यांदा न्हाई. गेला चुलीत पदर."

इतकी वर्षं ही बाई माझ्या पुढ्यात भाकरी थापत होती, आणि मला वाटायचं, आमच्या आत्या म्हणजे गरीब गाय. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी माझा हात झटकला, "चहा सांडंल!" म्हणाल्या.

परतीची वेळ झाली. माणसं चढायला लागली, सामान चढलं. शिकलगार मामा सीटवर बसता बसता मागं वळले.

"काय बाई, महिनाअखेर राजीनामा देणार होता म्हणं तुम्ही?"

"कोण म्हणतं? उद्या बी हीच फेरी माझी," मी म्हटलं. "आन् परवा बी."

बापू सर्वांत शेवटी चढले. पिशवीतून कांद्याची पात बाहेर आलेली. आत्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या, पोर त्यांच्या मांडीवर. दिराला बघून एरवी चटकन उठून उभ्या राहिल्या असत्या. त्या दिवशी उठल्या नाहीत.

बापू त्यांच्यापाशी थांबले. माझ्याकडं बघितलं, सवयीनं, निरोप सांगायला. मग मान वळवली आणि सरळ आत्यांना विचारलं.

"पोटभर प्याली का गं पोरगी?"

आत्यांनी पदर सारखा केला, पण तोंड झाकलं नाही. मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.

"प्याली, भावजी," म्हणाल्या. "बसा. गाडी सुटतीय."